समुद्रावरील ओसरी

प्रवासाला निघणाऱ्या माणसाला दोन चिंता जन्मभर पुरतात : एक सामानाची आणि दुसरी जागेची. सामानाची चिंता कुलूप लावले की काहीशी कमी होते. जागेची चिंता मात्र प्रत्यक्ष जागेवर बसेपर्यंत संपत नाही. आगगाडीत खिडकी कोणाला मिळणार, एस.टी.त मुलांना कोठे बसवायचे, यात्रेच्या गावी म्हाताऱ्या माणसांना तळमजल्याची खोली मिळेल की नाही, हे प्रश्न ज्यांच्या अंगवळणी पडले आहेत, त्यांच्यापुढे अलीकडे याच जातीचा एक नवा प्रश्न येऊन उभा राहिला आहे. सहलीच्या मोठ्या आगबोटीवर खोली कोणती घ्यावी, आणि त्या खोलीला सज्जा असावा की नसावा, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न मूठभर धनिकांचा राहिलेला नाही. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' ही बोट मुंबई बंदरातून गोवा व लक्षद्वीपकडे सहली नेऊ लागली. सिंगापूर, दुबई किंवा भूमध्य समुद्रातील बंदरे येथून निघणाऱ्या बोटींवरही बडोदे, इंदूर, नागपूर, हैदराबाद अशा गावांतील मराठी कुटुंबे आता दिसू लागली आहेत. अशा कुटुंबांत बहुधा तीन पिढ्या असतात. खोल्या मात्र दोघांच्या हिशेबाने बांधलेल्या असतात. तीन पिढ्यांना दोघादोघांत वाटताना जी ओढाताण होते, तिचे स्वरूप एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

बडोद्याचे एक कुटुंब घ्यावे. घरात शहात्तर वर्षांच्या आजी. थोरला मुलगा, सून आणि त्यांची सतरा वर्षांची मुलगी. धाकटा मुलगा, सून आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा. अशी सात माणसे. सिंगापूरहून निघून पेनांग व फुकेत ही बंदरे करून परत सिंगापूरला यायचे, चार रात्री बोटीवर काढायच्या, असा बेत ठरला. थोरल्या मुलाने बोटीचा नकाशा पुढे ठेवून खोल्यांची वाटणी केली. सज्जाच्या दोन खोल्या, एक आपल्याला आणि एक धाकट्याला. आणि आतल्या बाजूची, खिडकी नसलेली एक खोली आई व मुलगी यांना. त्याचे म्हणणे सरळ होते. आईला दिवसभर सगळ्यांबरोबरच बसायचे आहे, खोली लागणार ती केवळ झोपेपुरती. मग झोपेसाठी समुद्राचे दर्शन कशाला हवे? आजींना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला कुठलीही चालेल." वाटणी मान्य झाली असे सर्वांनी धरले.

या वाटणीत कोणाच्याही मनात वाईट नव्हते. तरीही ती चुकीची होती. ती का चुकीची होती हे समजण्यासाठी बोटीवरील खोल्यांची रचना थोडी जाणून घेणे आवश्यक आहे.

सहलीच्या बोटीवर स्थूलमानाने चार प्रकारच्या खोल्या असतात. पहिली आतली खोली. तिला खिडकी नसते, ती बोटीच्या पोटात असते आणि तिचे भाडे सर्वांत कमी असते. दुसरी खिडकीची खोली. तिची काच बहुधा उघडत नाही, परंतु उजेड आणि समुद्र दोन्ही दिसतात. तिसरी सज्जाची; हिला काचेचे दार असते आणि दाराबाहेर दोन खुर्च्या व एक लहान मेज मावेल एवढी उघडी जागा असते. चौथी म्हणजे मोठ्या दालनांचा वर्ग. त्याचा विचार येथे करण्याचे कारण नाही. सज्जाची खोली ऐसपैस असते असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात अशी खोली बहुधा पावणेदोनशे ते दोनशे चौरस फूट आणि सज्जा सुमारे चाळीस ते साठ चौरस फूट एवढाच असतो. चार माणसे एका खोलीत राहतात तेव्हा तिसरी व चौथी शय्या छतातून खाली ओढावी लागते किंवा कोचाची करावी लागते. मग सज्जाकडे जाण्याची वाट त्या शय्येवरून जाते, आणि पहाटे समुद्र पाहू इच्छिणाऱ्याला झोपलेल्या माणसाला ओलांडावे लागते.

स्वतःचा सज्जा असणे ही कल्पना समुद्रावर फार जुनी नाही. १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक' बोटीवर खाजगी फिरण्याची जागा असलेली दालने दोनच होती. १९३५ साली पहिल्या सफरीला निघालेल्या 'नॉर्मंडी' या फ्रेंच बोटीवर खाजगी गच्ची होती ती 'दोव्हिल' आणि 'त्रुव्हिल' या नावांच्या दालनांना. बाकीच्या प्रवाशांनी मोकळी हवा घ्यायची ती सर्वांच्या डेकवर. १९८४ साली 'रॉयल प्रिन्सेस' ही बोट आली. तिच्यावरील सर्व खोल्या बाहेरच्या बाजूच्या होत्या आणि त्यांपैकी कित्येकींना स्वतंत्र सज्जे होते. पुढे १९९० नंतरच्या दशकात सज्जांची संख्या झपाट्याने वाढली. आणि आज नव्या मोठ्या बोटी बाजूने पाहिल्या तर समुद्रावर एखादी चाळ तरंगत चालली आहे असे वाटते. फरक इतकाच की, चाळीच्या सज्जातून शेजाऱ्याचे घर दिसते. येथे शेजाऱ्यामध्ये आणि आपल्यामध्ये आडोसा असतो.

सज्जा नव्हता तेव्हाही बाजू कोणती याला महत्त्व होते. इंग्लंडहून हिंदुस्थानात येणाऱ्या बोटी तांबड्या समुद्रातून येत, तेव्हा उजव्या बाजूच्या खोल्या उन्हाने तापत. म्हणून येताना डावी व जाताना उजवी बाजू सुखाची मानली जाई. 'पॉश' हा शब्द याच चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून झाला अशी एक गोष्ट सांगितली जाते. कोशकारांना तिला पुरावा सापडलेला नाही, आणि ती बहुधा मागाहून रचलेली असावी. तथापि गोष्टीमागचा अनुभव खरा आहे. नकाशावर मार्ग पाहिल्याशिवाय बाजू ठरवू नये.

बडोद्याच्या कुटुंबाच्या मार्गावर हा विचार कसा लागू पडतो ते पाहण्यासारखे आहे. सिंगापूरहून पेनांगकडे जाताना बोट मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वायव्येकडे जाते. त्यामुळे जाताना सूर्यास्त डाव्या हाताला, काहीसा पुढच्या बाजूस दिसतो. परतताना बोट आग्नेयेकडे येते, तेव्हा त्याच डाव्या बाजूला सूर्योदय येतो. म्हणजे डाव्या बाजूची खोली घेणाऱ्याला जाताना संध्याकाळ आणि येताना सकाळ मिळते; उजव्या बाजूच्याला जाताना सकाळ आणि येताना संध्याकाळ. अशा जाऊन-येऊन मार्गावर दोन्ही बाजूंना आपापला वाटा मिळतो, आणि निवड आवडीवर सोपवता येते. मात्र एकाच दिशेने जाणाऱ्या सफरीत, उदाहरणार्थ अलास्काच्या किनाऱ्याने उत्तरेकडे जाताना, किनारा उजव्या हाताला राहतो. तेथे बाजू चुकली तर परत फिरून ती दुरुस्त करता येत नाही.

बाजूपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे खोलीचे स्थान. बोट हलते ती एखाद्या तराजूच्या दांडीसारखी. मध्यावर हालचाल सर्वांत कमी आणि दोन्ही टोकांना सर्वांत जास्त. तसेच जितके वर जावे तितके डोलणे वाढते. बोटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख बसवलेले असतात. त्यांनी डावीउजवीकडील डोलणे पुष्कळ कमी होते, परंतु पुढच्यामागच्या टोकाचे वरखाली होणे त्यांनी थांबत नाही. म्हणून ज्यांना बोट लागते, त्यांनी मधली आणि शक्य तो खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. सर्वांत उंच मजल्यावरचा सज्जा महाग असतो म्हणून तो सर्वांत चांगला, हा हिशेब पोटाला मान्य होत नाही.

खोलीच्या वर काय आणि खाली काय हेही नकाशात पाहावे लागते. पोहण्याच्या तलावाखालच्या खोलीत पहाटेच खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात. नाचगाण्याच्या दालनावरच्या खोलीत मध्यरात्रीपर्यंत फरशी थरथरते. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील असा मजला शांततेला उत्तम. लिफ्ट जवळ असावी, पण दारासमोर नसावी. काही सज्जांच्या पुढ्यात जीवरक्षक नौका टांगलेल्या असतात. भाडे थोडे कमी असते, परंतु समुद्राऐवजी नौकेचे नारिंगी छप्पर पाहावे लागते. काही बोटींवर सज्जा समुद्राकडे नसून बोटीच्या आतील अंगणाकडे तोंड करून असतो. २००९ साली आलेल्या 'ओअॅसिस ऑफ द सीज' या बोटीत अशा आतल्या अंगणात खरी झाडे लावलेली आहेत. झाडे पाहण्यासाठी समुद्रावर जावे की नाही हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. पण 'सज्जा' हा एकच शब्द वाचून पैसे भरणाऱ्याने सज्जातून काय दिसते हे आधी विचारून घेतले पाहिजे.

आता त्या कुटुंबाकडे पुन्हा वळावे. वाटणीचा कागद टेबलावर होता, आणि नात तो पाहत होती. तिने विचारले, "आजीच्या खोलीची खिडकी कुठे आहे?" वडील म्हणाले, "तिला खिडकी नाही." मुलगी म्हणाली, "मग आजी पहाटे चारला उठेल तेव्हा काय करेल?"

प्रश्न साधा होता; पण घरातल्या कोणाच्याही मनात तो आला नव्हता. आतल्या खोलीत दिवा मालवला म्हणजे संपूर्ण अंधार होतो. तरुण माणसाला तो अंधार गाढ झोप देतो. वृद्ध माणूस पहाटे जागे होते, आणि दिवस उजाडला की नाही हे त्याला कळत नाही. दिवा लावावा तर शेजारी नातीची झोपमोड. बाहेर पडावे तर अनोळखी लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना सारखी दारे. दिवसा तरुण माणसे तलावावर, बाजारात, खेळात असतात. खोलीत खरोखर बसणारे माणूस एकच असते, आणि ते म्हणजे घरातले सर्वांत वयस्क माणूस. सज्जाचे भाडे ज्या तासांसाठी द्यायचे, ते तास तेच माणूस वापरते. सज्जा दिला होता मात्र खोलीत क्वचितच थांबणाऱ्या माणसांना.

दुसरीही एक गोष्ट होती. आजींचे माहेर देवगडकडचे. लहानपणी त्यांनी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने प्रवास केला होता. त्या बोटीवर सामान्य उतारूला खोली नव्हतीच. सगळे डेकवर पथारी पसरून बसत. बायका पोरांच्या तोंडात आवळासुपारी देत, कोणाला बोट लागे, कोणी भजने म्हणत. आणि बंदर आले की बोट खोल पाण्यात थांबे व उतारू पडावात उतरून किनाऱ्याला जात. ज्या मुलीने समुद्र पाहिला तो उघड्या आकाशाखाली, तिला सत्तर वर्षांनी समुद्रावर नेऊन खिडकी नसलेल्या खोलीत ठेवायचे, यातील विसंगती लक्षात येताच थोरला मुलगा गप्प झाला. "मला कुठलीही चालेल" हे वडीलधाऱ्या माणसाचे उत्तर संमती म्हणून कधीही नोंदवू नये. ते बहुधा दुसऱ्याच्या खर्चाची काळजी म्हणून दिलेले असते.

वाटणी बदलण्याचा प्रश्न निघाला तेव्हा धाकटी सून म्हणाली की, आपली खोली आतली घ्यावी. हा केवळ मोठेपणा नव्हता. तिचा मुलगा चार वर्षांचा. खुर्ची दिसली की तिच्यावर चढणारा. सज्जा आणि लहान मूल यांचा विचार येथे स्पष्टपणे केला पाहिजे.

सज्जाचा कठडा पुरेसा उंच असतो. अमेरिकेतील बंदरांना लागणाऱ्या बोटींसाठी २०१० साली तेथे झालेल्या कायद्याने ही उंची किमान ४२ इंच, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर, ठरवून दिली आहे. जमिनीवर उभ्या असलेल्या मुलाला ती पुरते. परंतु सज्जात खुर्ची असते, मेज असते, आणि मुलाच्या दृष्टीने त्या पायऱ्याच असतात. म्हणून मुलाबरोबर सज्जाची खोली घ्यायची असेल तर तीन नियम घरातल्या प्रत्येकाने पाळले पाहिजेत. खुर्च्या कठड्यापासून दूर, भिंतीशी ठेवाव्यात. खोलीत मूल असताना सज्जाच्या दाराची वरची कडी लावलेली असावी, मग आत कोणीही असो. आणि छायाचित्रासाठी म्हणून मुलाला कठड्यावर कधीही बसवू किंवा धरू नये. ज्या घरात आई-वडील दोघेही थकून दुपारी झोपतात, त्या घराने सज्जा आपल्या खोलीला नसलेलाच बरा. सज्जा समोरच्या खोलीत असला म्हणजे मूल तेथे जाईल तेव्हा मोठ्या माणसाबरोबरच जाईल.

सज्जाच्या सुरक्षिततेची दुसरी बाजू अग्नीची आहे. समुद्रावर चहूकडे पाणी असूनही बोटीला सर्वांत मोठे भय आगीचे असते. २००६ च्या मार्चमध्ये 'स्टार प्रिन्सेस' ही बोट कॅरिबियन समुद्रात जमैकाकडे जात असता पहाटे तिच्या एका सज्जात आग लागली आणि ती एका सज्जावरून दुसऱ्यावर, एका मजल्यावरून दुसऱ्यावर पसरत गेली. एक प्रवासी धुराने मरण पावला आणि कितीतरी खोल्या जळाल्या. ब्रिटिश चौकशीत असे आढळले की, टाकून दिलेले सिगारेटचे थोटूक हे आगीचे संभाव्य कारण होते. आणि सज्जांमधील प्लास्टिकचे आडोसे व खुर्च्या यांमुळे आग भराभर पसरली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलण्यात आले आणि १ जुलै २००८ पासून सज्जांच्या सामानाबद्दल व अग्निसूचनेबद्दल कडक अटी अमलात आल्या. आज बहुतेक कंपन्यांनी सज्जात धूम्रपानास मनाई केली आहे. आपल्याकडील एखाद्या मंडळींना ही मनाई जाचक वाटते. तिच्यामागे एका माणसाचा जीव आहे हे त्यांना सांगितले पाहिजे. सज्जात निरांजन वा उदबत्ती लावणेही याच कारणाने वर्ज्य आहे. ओले पंचे व साड्या कठड्यावर वाळत घालण्यासही मनाई असते. वाऱ्याने उडालेले कापड खालच्या सज्जात किंवा समुद्रात जाते. वाळवण्यासाठी न्हाणीघरात दोरी असते, तिच्यावर समाधान मानावे.

या सर्व विचारांती त्या कुटुंबाने नवी वाटणी केली ती अशी. मधल्या भागात, वर-खाली खोल्याच असलेल्या मजल्यावर, डाव्या बाजूला लागून असलेल्या दोन सज्जाच्या खोल्या घेतल्या. एकीत आजी व नात, दुसरीत थोरला मुलगा व सून. धाकट्या कुटुंबाने बोळाच्या पलीकडची, बरोबर समोरची आतली खोली घेतली. खोल्या तीनच राहिल्या. सज्जाच्या दोन, आतली एक. खर्चात फारसा फरक पडला नाही. बदलली ती केवळ माणसांची जागा.

समोरासमोर खोल्या घेण्याची ही रीत पुष्कळ कुटुंबांच्या उपयोगी पडणारी आहे. एका सज्जाच्या भाड्यात दोन खोल्यांना सज्जा मिळतो. मात्र काही गोष्टी आधीच पाहाव्या लागतात. कित्येक कंपन्या प्रत्येक खोलीच्या नोंदीत एक तरी प्रौढ व्यक्ती असावी असा आग्रह धरतात. म्हणून केवळ मुलांच्या नावाने खोली मिळत नाही. काही लगतच्या खोल्यांना आतून जोडणारे दार असते, काहींना नसते. नकाशावर दोन्ही सारख्याच शेजारी दिसतात, म्हणून ते विचारून घ्यावे. एका खोलीत किती माणसे राहू शकतील हे केवळ खाटांवरून ठरत नाही; त्या भागातील जीवरक्षक नौकांतील जागांचाही हिशेब असतो, आणि म्हणून तिघाचौघांच्या खोल्या लवकर संपतात. काही वेळा भाडे कमी करून कंपनी 'खोली आम्ही ठरवू' अशी अट घालते. एकट्यादुकट्याला ती सवलत लाभाची. पण कुटुंबाने ती घेतली तर आजी एका टोकाला आणि नात दुसऱ्या टोकाला, असे होण्याची पाळी येते.

ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांना चाकांची खुर्ची लागते, त्यांच्यासाठी आणखी एक सूचना आवश्यक आहे. साध्या खोलीच्या सज्जाला बहुधा उंच उंबरठा असतो, न्हाणीघरालाही असतो. अपंगांसाठी राखलेल्या खोल्यांची दारे रुंद आणि उंबरठे सपाट असतात. त्या संख्येने थोड्या असतात आणि लवकर भरतात. म्हणून अशा कुटुंबाने सर्वांत आधी ती एक खोली मिळवावी आणि बाकीच्या खोल्या तिच्या आसपास पाहाव्यात. हा क्रम उलटा केला तर सज्जा मिळतो, पण ज्याच्यासाठी घेतला त्याला उंबरठा ओलांडता येत नाही.

दोन लगतच्या सज्जांमधील आडोसा काही बोटींवर उघडता येतो. खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या सेवकाला सांगितले की तो किल्लीने ते दार मोकळे करतो, आणि दोन सज्जांचा एक लांबट सज्जा होतो. सर्व बोटींवर हे शक्य नसते. काही ठिकाणी आडोसे कायमचे पक्के बसवलेले असतात. म्हणून हेही निघण्यापूर्वीच विचारावे. त्या कुटुंबाच्या बोटीवर ते शक्य होते. पहिल्या दिवशी, प्रत्येक प्रवाशाला सक्तीची असलेली संकटकालीन कवायत झाल्यावर सेवकाने आडोसा उघडला. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही बोट कलंडून बत्तीस माणसे दगावली. त्यानंतर ही कवायत बोट निघण्यापूर्वी किंवा निघताच झाली पाहिजे असा नियम झाला, आणि तो १ जानेवारी २०१५ पासून अमलात आहे. खोली कितीही चांगली असो, तिच्यापासून आपल्या जमण्याच्या जागेपर्यंतची वाट घरातल्या प्रत्येकाला पाठ असली पाहिजे. मुलाला ती बोट धरून एकदा चालवून दाखवावी.

मित्रमंडळींचा प्रवास असेल तर प्रश्नाचे रूप बदलते. कुटुंबात पैसा बहुधा एका थैलीतून जातो; मित्रांच्या थैल्या निराळ्या असतात, आणि त्यांची खोलीही निराळी असते. चौघे शाळासोबती निवृत्तीनंतर सहलीला निघाले, तिघांनी उत्साहाने सज्जाच्या खोल्या ठरवल्या आणि चौथा संकोचाने 'हो' म्हणाला, तर त्या सहलीचा आनंद चौथ्याच्या मनात पहिल्याच दिवशी कोमेजतो. भाडे माणशी सांगितलेले असले तरी ते एका खोलीत दोघे धरून असते. एकट्याने खोली घेतली तर दुसऱ्या जागेचेही बरेचसे पैसे भरावे लागतात. म्हणून पैशाची गोष्ट निघण्यापूर्वी, मोकळेपणाने आणि एकदाच बोलावी. ज्याला आतली खोली परवडते त्याने ती घ्यावी, आणि सज्जावाल्याने सकाळचा चहा सर्वांसाठी आपल्या सज्जात मागवावा. एका सज्जात चौघांनी बसता येते. मनात सल असेल तर चार सज्जांतही बसवत नाही.

मित्रांनी आडोसा उघडावा की नाही याचाही विचार करावा. सज्जात बोललेले शब्द वाऱ्याबरोबर शेजारी जातात. कोणी घोरते, कोणी पहाटे मोठ्याने स्तोत्रे म्हणते, कोणी रात्री उशिरापर्यंत दूरध्वनीवर बोलते. वर्षानुवर्षांचे स्नेही एकमेकांना आठवड्यातून एकदा भेटत असतात; चार दिवस भिंतीला भिंत लावून राहण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच आलेला असतो. शेजारच्या खोल्या घेऊन आडोसा मिटलेला ठेवणे यात परकेपणा नाही. उलट, त्यामुळेच न्याहारीच्या टेबलावर सर्वजण हसतमुखाने येतात.

सज्जा प्रत्येकाने घेतलाच पाहिजे असेही नाही. ज्या बोटीवर दिवसभर बंदरे पाहायची, रात्री दमून झोपायचे, तेथे सज्जा रिकामाच राहतो. एका रात्रीच्या सफरीत त्याचा उपयोग एखादा तास होतो. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असताना सज्जाचे दार उघडण्याची सोयच नसते. मुंबईहून जाणाऱ्या सहली पावसाळा टाळतात त्याचे कारणही हेच. परंतु ज्या मार्गात बोट दिवसच्या दिवस समुद्रावर असते किंवा दोन्ही बाजूंना किनारा दिसत राहतो, आणि बरोबर असे कोणी माणूस असते की ज्याला फार चालवत नाही, तेथे सज्जाचे पैसे वसूल होतात.

आपल्या जुन्या घरांना ओसरी असे. ओसरीवर कोणी बसावे याचा लिखित नियम नव्हता. पण ती जागा घरातल्या म्हाताऱ्या माणसाची असे आणि बाकीचे सर्व तेथे येऊन जाऊन बसत. आलागेला पाहुणा तेथेच बसे, भाजी तेथेच निवडली जाई, मुले तेथेच पाढे म्हणत. खोल्या झोपण्यासाठी असत. घर घडे ते ओसरीवर. त्या कुटुंबाने नकळत बोटीवर ओसरीच मांडली. रोज संध्याकाळी सातही माणसे त्या जोडसज्जावर जमत. चार खुर्च्यांत वडीलधारी, उंबरठ्यावर नात, आणि आईच्या मांडीवर, तिच्या हातात घट्ट धरलेला, चार वर्षांचा मुलगा.

फुकेतहून परतताना चौथ्या दिवशी बोट दिवसभर सामुद्रधुनीत होती. पहाटे आजी उठल्या. दिवा लावावा लागला नाही. काचेच्या दारातून फटफटलेले दिसत होते. त्या हळूच दार सरकवून बाहेर जाऊन बसल्या. थोड्या वेळाने शेजारच्या खोलीतून थोरला मुलगा बाहेर आला आणि दुसऱ्या खुर्चीवर बसला. बोटीच्या डाव्या अंगाला, काहीसा पुढे, पूर्वेकडचा ढग तांबडा होत होता. आजींनी विचारले, "तुझ्या खोलीलाही हाच सूर्य दिसतो ना?" मुलगा म्हणाला, "हो. हाच." त्या म्हणाल्या, "मग बरे झाले." आणि नंतर त्या मुलाला देवगडच्या बंदरातल्या पडावाची गोष्ट सांगू लागल्या. पन्नास वर्षांत ती त्याने ऐकली नव्हती.